द्राक्षवेलीची बांधणी व काडीची जोपासना

नाशिक जिल्ह्यांत द्राक्षवेल पूर्वीं पांगाऱ्याच्या खांबावर चढवीत. भोकरी जातीची ती वेल डोक्यावर फांद्यांचा झुबका घेऊन उभी राही आणि पीक येई तें त्या झुबक्यांतच. पुढें मांडव आला, वाय अक्षरासारखा तारांचा सांगाडा आला, आणि भोकरीची जागा थॉमसन व तिच्यापासून निघालेल्या बिनबियांच्या जातींनीं घेतली. आधार बदलला, वेलीचा स्वभाव मात्र तोच राहिला. तिला शेंड्याकडे धांवण्याची घाई, आणि मागले डोळे निजलेले. ही घाई वेळोवेळीं आवरणें यासच बांधणी म्हणावें.

डॉगरिज खुंटावर ऑगस्ट-सप्टेंबरांत भरलेलें कलम थंडी ओसरतांना पुन्हां खालीं कापतात. यास आपले बागाइतदार रिकट म्हणतात. वाढीस लागलेली वेल कापावी कशाला, असा प्रश्न नव्या माणसास पडतो. परंतु त्यानंतर निघणारी एकच जोमदार फूट बांबूस बांधून वाढविली म्हणजे खोड सरळ व सारख्या जाडीचें होतें. बगलफुटींचे शेंडे खुडावे. खोडावरचीं पानें मात्र काढूं नयेत, कारण खोड पोसतें तें त्यांवरच. फूट तारेस लागली कीं तारेच्या थोडें खालीं शेंडा मारावा, व नव्या फुटींपैकीं समोरासमोरच्या दोन ओलांड्यांसाठीं राखाव्या.

पुष्कळ बागा बिघडतात त्या येथें. ओलांड्याची फूट एका दमांत तारेच्या टोकापर्यंत जाऊं दिली कीं मालकास तार भरल्याचें समाधान होतें. पुढील सालीं पाहावें तों टोकाकडे काड्यांची गर्दी, आणि खोडाजवळ हातभर ओलांडा उघडा! ती उघडी जागा मागाहून भरून काढणें महाकठीण. याकरितां ९-१० पानें झालीं कीं शेंडा खुडून थांबावें. फूट जाड झाली म्हणजे ती ६-७ पानांवर कापावी. टोकाच्या डोळ्यांतून निघेल ती फूट ओलांडा म्हणून पुढें न्यावी, मागच्या फुटी काड्या म्हणून वाढवाव्या. असें टप्प्याटप्प्यानें जावें. शेजाऱ्याची तार आधीं भरेल, भरूं द्यावी.

बांधलेल्या बागेची छाटणी वर्षांतून दोनदां होते. थंड देशांत हिवाळा वेलीस निजवितो, म्हणून तेथें एका छाटणीवर भागतें. आपल्याकडे तो विसावा नाहीं. म्हणून एप्रिलांत खरडछाटणी व ऑक्टोबरांत फळछाटणी करावी लागते. ऑक्टोबरांत घड डोळ्यांना दिसतात, त्यामुळें पैसा व लक्ष दोन्ही तिकडे जातें. वस्तुतः त्या घडाची घडण खरडछाटणीनंतर सुमारें ४० ते ६० दिवसांच्या सुमारास काडीच्या डोळ्यांत होऊन गेलेली असते. ज्या डोळ्यांत घड नाहीं त्यास हायड्रोजन सायनामाईड लावल्यानें तो फुटेल एवढेंच. अशक्त घड असला तर तो जिरतो आणि त्याची बाळी होते. मग कर्ज काढून केलेल्या फवारण्या बाळीवरच व्हावयाच्या!

खरडछाटणींत ओलांड्यावर एकेक डोळा राखून काड्या कापाव्या. त्या दिवसांत उघडे ओलांडे उन्हानें तापतात व डोळे मागेंपुढें फुटतात, म्हणून सकाळ-संध्याकाळ ओलांड्यांवर पाणी फवारावें. पांच पानें होतांच विरळणी करावी. ९ फूट व ५ फूट अंतरावरील वेलीस ३० ते ४० काड्या पुरेत. गड्यास एवढ्या हिरव्या फुटी काढवत नाहींत, म्हणून त्या वेळीं मालकानें स्वतः उभें राहावें हें बरें. दाटीमुळें काडीच्या बुडाशीं ऊन पोंचत नाहीं, आणि उन्हावांचून डोळ्यांत घड धरत नाहीं. छाटणीस फार उशीर झाला तर हाच नाजूक काळ ढगाळ दिवसांत सांपडतो.

थॉमसनसारख्या जोरकस जातींत ७ पानांवर शेंडा खुडावा, टोकाची बगलफूट पुढें न्यावी व तिचाही शेंडा ५ पानांवर खुडावा. जेथें पहिला शेंडा खुडला तेथें गाठ बनते. तिच्याजवळचे डोळे बहुधा फळाऊ निघतात. या काळांत नत्र व पाणी हात राखून द्यावें. काडी पेन्सिलीहून किंचित जाड, ८ ते १० मिलिमीटर, एवढी असावी. त्याहून जाड काडी डोळ्यांस सुख देते, घड देईलच असें नाहीं. सटाणा-बागलाणकडे फळछाटणी पावसाळ्यांतच घेतात, तेव्हां तेथें हीं सारीं कामें त्या मानानें आधीं उरकावीं लागतात.

काडी हिरवी जाऊन तपकिरी झाली म्हणजे पिकली. फळछाटणीपूर्वीं प्रत्येक प्लॉटांतील जाड, मध्यम व बारीक अशा थोड्या काड्या निरनिराळ्या वेलींवरून घेऊन त्यांचे डोळे सूक्ष्मदर्शकाखालीं तपासून घ्यावे. कितव्या डोळ्यांत घड आहे तें कळलें म्हणजे कात्री कोठें लावावयाची तें गड्यांस बोटानें दाखवितां येतें.