वंशवृक्षातील धर्मभगिनीचा शोध : आयर्लंडमधील नोंदसाधनांचा परिचय

प्रस्तावना

कौटुंबिक इतिहासाची मांडणी प्रामुख्याने विवाह आणि अपत्ये यांवर आधारलेली असते. त्यामुळे मठात प्रवेश केलेली कॅथलिक स्त्री वंशवृक्षात केवळ ‘अविवाहित’ म्हणून उरते किंवा तिचे नावच गळून पडते. वस्तुतः तिच्या नोंदी बहुधा उपलब्ध असतात. मात्र त्या वेगळ्या नावाने आणि घराऐवजी संस्थेच्या दप्तरात असतात. आयर्लंडमधील साधनांच्या आधारे या शोधाची पद्धत स्पष्ट करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. तेथील लोरेटो संघाच्या भगिनी १८४१ च्या अखेरीस कोलकात्यात आल्या. त्यामुळे हा विषय भारतातील स्त्रीशिक्षणाच्या इतिहासाशीही निगडित आहे.

नावाचा प्रश्न

संघप्रवेशानंतर भगिनीला नवे धार्मिक नाव मिळत असे. लोरेटो संघाच्या आयर्लंडमधील संस्थापिका मदर तेरेसा बॉल यांचे मूळ नाव फ्रान्सिस. पुढे १९२८ मध्ये याच संघात दाखल झालेल्या आन्येझे गोंजा बोयाजिऊ या मदर तेरेसा म्हणून जगाला परिचित झाल्या. एकाच संघात एकच नाव अनेकींना मिळत असल्याने केवळ धार्मिक नावावरून व्यक्तीची ओळख पटत नाही. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर (१९६२-६५) अनेक भगिनींनी मूळ नाव पुन्हा स्वीकारले. परिणामी एकाच स्त्रीच्या नोंदी दोन नावांनी आढळू शकतात.

नोंदसाधने

पहिले साधन म्हणजे बाप्तिस्म्याची नोंदवही. आयर्लंडच्या राष्ट्रीय ग्रंथालयाने २०१५ मध्ये जुन्या कॅथलिक नोंदवह्यांच्या प्रतिमा विनामूल्य खुल्या केल्या. १८६४ पासूनच्या शासकीय जन्मनोंदींतून आईचे माहेरचे आडनावही कळते. मात्र बाप्तिस्म्याच्या नोंदीशेजारी व्रतस्वीकाराचा शेरा असेलच असे नाही. १९१७ च्या चर्चसंहितेने असा शेरा केवळ ‘सोलेम’ व्रतांसाठी आवश्यक केला होता. शाळा व रुग्णालये चालविणाऱ्या बहुसंख्य भगिनी ‘साधी’ व्रते घेत. १९८३ च्या संहितेने सर्व आजीवन व्रतांची नोंद आवश्यक केली. म्हणून शेरा नसणे हा संघप्रवेश न झाल्याचा पुरावा ठरत नाही.

दुसरे साधन १९०१ आणि १९११ ची जनगणना. तिच्यात मठातील रहिवाशांची यादी मिळते. येथे नावापेक्षा ठिकाणावरून शोध घ्यावा आणि वय व जन्माची काउंटी ताडून पाहावी. आईवडिलांच्या मृत्यूनंतर वृत्तपत्रात आलेला मजकूर आणि मृत्युपत्रे यांत मुलीचे धार्मिक नाव व मठ यांचा उल्लेख सापडू शकतो. मूळ घर आणि मठ यांना जोडणारा हा महत्त्वाचा दुवा होय.

निर्णायक साधन म्हणजे संघाची प्रवेश-नोंदवही. तिच्यात सामान्यतः मूळ नाव, आईवडील, प्रवेश, व्रतस्वीकार व मृत्यू यांच्या तारखा एकत्र असतात. संघाच्या अभिलेखागाराकडे विचारणा करताना जन्मवर्ष, गाव व आईवडिलांची नावे द्यावीत.

निष्कर्ष

धर्मभगिनीचा शोध कुटुंबाकडून संस्थेकडे नेल्यासच पूर्ण होतो. केवळ वंशविस्तार मोजणाऱ्या पद्धतीत अशा स्त्रीचे अध्यापन, शुश्रूषा आणि स्थलांतर अदृश्य राहते. दोन्ही नावे जोडली गेल्यास कुटुंबाला हरवलेली व्यक्ती मिळते आणि शाळांच्या इतिहासात केवळ ‘सिस्टर’ म्हणून उरलेल्या शिक्षिकेला तिचे घर व गाव परत मिळते.