कडक प्रशिक्षक आणि मुरलेले खेळाडू

१३ ऑक्टोबर २०१८ रोजी चीनमधील सूझोऊ येथे भारतीय फुटबॉल संघ यजमानांविरुद्ध मैदानात उतरला, तेव्हा कर्णधाराची पट्टी सुनील छेत्रीच्या नव्हे, तर संदेश झिंगानच्या दंडावर होती. देशासाठी सर्वाधिक गोल करणाऱ्या खेळाडूची पट्टी दुसऱ्याला देण्याचा निर्णय प्रशिक्षक स्टीफन कॉन्स्टंटाइन यांचा होता. तीन महिन्यांनी आशियाई चषकात भारताने थायलंडला ४-१ असे नमवले आणि त्यातील दोन गोल छेत्रीचे होते. ज्येष्ठ खेळाडूने दिलेले हे एक उत्तर झाले. सर्वांचे उत्तर असे नसते.

कडक प्रशिक्षक आला की नवोदितांना फारसा फरक पडत नाही. त्यांना कोणाचे तरी ऐकायचेच असते. अवघडलेपण येते ते ज्येष्ठाला. पंधरा-वीस वर्षांत त्याचे शरीर काय सोसते आणि काय नाही, हे त्याला पक्के ठाऊक झालेले असते. सरावाची वेळ, विश्रांती, फलंदाजीचा क्रमांक यांत त्याने आपली सोय लावून घेतलेली असते. नव्या नियमाने नेमकी तीच मोडते. त्यातही फुटबॉलमध्ये सामन्याचा संघ प्रशिक्षकच ठरवतो, त्यामुळे ज्येष्ठाला नाराजी गिळावी लागते. आपल्याकडील क्रिकेटमध्ये निवड समितीची आणि मैदानावरची सत्ता कर्णधाराची. प्रशिक्षकाच्या हाती उरतो तो सराव. ज्येष्ठांनी मानला तरच त्याचा शब्द चालतो.

ग्रेग चॅपेल यांना २००५ मध्ये भारतीय संघावर आणण्यात कर्णधार सौरव गांगुलीचाच पुढाकार होता. त्याच वर्षी चॅपेल यांनी गांगुलीविरुद्ध मंडळाला लिहिलेला ई-मेल फुटला आणि त्याचे कर्णधारपद गेले. २००७ च्या विश्वचषकात संघ पहिल्याच फेरीत गारद झाल्यावर चॅपेल यांनाही जावे लागले. सचिन तेंडुलकरने २०१४ मध्ये आत्मचरित्रात त्यांना सर्कशीतल्या रिंगमास्तरची उपमा दिली. अनिल कुंबळे तर आपलेच. पण कर्णधार विराट कोहलीला आपल्या कार्यशैलीबद्दल आक्षेप असल्याचे मंडळाने कळवले, हे जाहीर करून त्यांनी जून २०१७ मध्ये पद सोडले.

त्याच वर्षी महाराष्ट्रात याच्या अगदी उलट घडत होते.

चंद्रकांत पंडित हे रमाकांत आचरेकर सरांचे शिष्य. भारतासाठी पाच कसोटी खेळलेल्या या यष्टिरक्षकाने प्रशिक्षक म्हणूनही सरांचीच करडी शिस्त उचलली. आचरेकरांपुढे शाळकरी मुले होती, पंडितांपुढे संसारी पुरुष; एवढाच फरक, आणि तो लहान नव्हे. त्यांच्या मार्गदर्शनाखाली मुंबईने २०१५-१६ मध्ये ४१ वे रणजी विजेतेपद मिळवले. जानेवारी २०१७ मध्ये इंदूरच्या होळकर मैदानावर मुंबई गुजरातकडून अंतिम सामना हरली आणि पुढील हंगामासाठी मुंबईने दुसरा प्रशिक्षक नेमला. पंडित विदर्भाकडे गेले.

विदर्भ १९५७-५८ पासून रणजी खेळत होता आणि तोवर एकदाही अंतिम फेरीत पोहोचला नव्हता. या संघात वसीम जाफर होता. मुंबईकडून आठ रणजी विजेतेपदे पाहिलेला, रणजीत सर्वाधिक धावा केलेला, वयाच्या चाळिशीला टेकलेला. पंडितांच्या नियमांना डावलण्याचा अधिकार संघात कोणाला असेल, तर तो त्यालाच होता. अशा वेळी बंड करावे लागत नाही. ज्येष्ठ खेळाडू सरावाला दहा मिनिटे उशिरा आला आणि नुसता हसला, तरी नियम तिथेच संपतो. कारण बाकीचे प्रशिक्षकाकडे नव्हे, त्याच्याकडे पाहत असतात. जाफर हसला नाही. नवख्या गोलंदाजांना स्लिपमधून चार गोष्टी सांगत तो त्याच शिस्तीत वावरला. कर्णधार फैज फझल हाही विदर्भाकडून अनेक हंगाम खेळलेला. त्याने त्या मोसमात ९१२ धावा केल्या.

उपांत्य सामन्यात कोलकात्याला कर्नाटक पाच धावांनी हरले. रजनीश गुरबानीने दुसऱ्या डावात सात बळी घेतले. अंतिम सामन्यात त्याने दिल्लीविरुद्ध हॅट्‌ट्रिक साधली आणि १ जानेवारी २०१८ रोजी विदर्भाने नऊ गडी राखून पहिला रणजी करंडक जिंकला. मैदान तेच, इंदूरचे. पंडितांना तिथे पराभव पाहून वर्षही झाले नव्हते. मार्चमध्ये इराणी करंडकाच्या सामन्यात चाळीस वर्षांच्या जाफरने २८६ धावा काढल्या. पुढच्या मोसमात त्याच्या हजाराहून अधिक धावा झाल्या आणि करंडक पुन्हा नागपुरात राहिला.

मग मुंबईत जे टिकले नाही ते विदर्भात का रुजले? मुंबईच्या ड्रेसिंग रूममध्ये विजेतेपद हा वारसा आहे. तेथे प्रशिक्षक बाहेरून काही नवे देतो, असे सहसा मानले जात नाही. विदर्भाला साठ वर्षांत जे मिळाले नव्हते, त्याची किंमत मोजायला सगळे तयार होते. जाफरसाठीही ती मुंबईबाहेरची दुसरी खेळी होती आणि निवृत्ती दारात होती. २०२२ मध्ये मध्य प्रदेशात हेच घडले. ज्या संघाचे कर्णधार म्हणून पंडित १९९९ मध्ये बंगळूरला रणजीचा अंतिम सामना हरले होते, त्याच संघाने त्याच मैदानावर मुंबईला हरवून पहिले विजेतेपद मिळवले.

हीच पद्धत आयपीएलमध्ये मात्र टोचली. कोलकाता नाइट रायडर्समध्ये २०२३ साली खेळलेल्या डेव्हिड वीजने पुढच्या वर्षी उघडपणे सांगितले की, जगभर खेळून आलेल्या परदेशी खेळाडूंना कसे वागावे, कोणते कपडे घालावेत हे कोणी शिकवलेले रुचत नव्हते. दोन महिन्यांच्या करारावर आलेल्या व्यावसायिकाला प्रशिक्षकाकडून घडायचे नसते. आपले काम करून पुढच्या लीगला जायचे असते. त्याची तक्रार त्याच्या जागी चुकीचीही नाही. गौतम गंभीर मार्गदर्शक म्हणून सोबत असताना २०२४ मध्ये हा संघ विजेता ठरला. गंभीर भारतीय संघाकडे गेल्यानंतरचा हंगाम निराशाजनक गेला आणि जुलै २०२५ मध्ये पंडित आणि कोलकाता यांची फारकत झाली.