ब्राउझरला काय काय जोडले आहे, पाहिलेत का?

वाशीम जिल्ह्यातल्या केनवडसारख्या गावात संगणक ही आता नवलाईची वस्तू राहिलेली नाही. मुलांच्या प्रवेशाचा अर्ज, पीकविमा, सातबारा, बँकेतली शिल्लक अशी सगळी कामे घरच्या लॅपटॉपवर नाहीतर सेवा केंद्रात होतात, आणि बहुतेक सारी ब्राउझरमधून, म्हणजे क्रोम किंवा फायरफॉक्समधून होतात. पेरणीआधी आपण औजारांचे नटबोल्ट आवळून घेतो. पण या ब्राउझरला मागे काय जोडले आहे, हे किती घरांत कुणी पाहिले असेल?

होय, जोडलेलेच! ट्रॅक्टर एकच असतो. नांगर लावला की नांगरतो, पेरणी यंत्र लावले की पेरतो. ब्राउझरचेही तसेच आहे. जाहिराती अडवणारी, मराठी टंकलेखन करून देणारी, इंग्रजी पान मराठीत आणणारी छोटी औजारे त्याला वरून जोडता येतात. यांना प्लगिन म्हणतात. क्रोममध्ये नाव 'एक्स्टेन्शन', फायरफॉक्समध्ये 'ॲड-ऑन'. बहुतेक फुकट असतात. पोरे एका टिचकीत बसवतात आणि विसरून जातात.

नांगर वावरात चालतो, घरातल्या पेटीत डोकावत नाही. प्लगिन मात्र बसवतानाच परवानगी मागते, आणि कित्येकदा ती अशी असते की तुम्ही उघडाल त्या प्रत्येक पानावरचे त्याने वाचावे आणि बदलावेही. समजा, मुलीने अभ्यासाचे व्हिडिओ उतरवून घ्यायला एक औजार बसवले. त्याच लॅपटॉपवर वडील सोयाबीनचे पैसे जमा झाले का ते पाहतात. वडील पासवर्ड टाकतात तेव्हा ते औजार शेजारीच उभे असते. सालगडी ठेवताना आपण पाडव्याला माणूस पारखून घेतो. इथे किल्ली कोणाला दिली, हेच आठवत नाही.

बरे, पारखून घेतलेला माणूसही मागाहून बदलतो. 'द ग्रेट सस्पेंडर' नावाचे एक्स्टेन्शन वीस लाखांहून अधिक लोक वापरत होते. उघडी पण न वापरलेली पाने झोपवून संगणकावरचा भार कमी करणे, एवढेच त्याचे काम, आणि ते चोख होते. जून २०२० मध्ये मूळ कर्त्याने ते दुसऱ्याच्या हवाली केले. एक्स्टेन्शनच्या नव्या आवृत्त्या आपोआप बसतात, त्यामुळे धनी बदलल्याचा बहुतेकांना पत्ताच लागला नाही. फेब्रुवारी २०२१ मध्ये गुगलने त्यात घातक भाग असल्याचे सांगून ते बंद केले. वापरणाऱ्यांची चूक म्हणावी, तर यादी उघडून पाहिली नाही एवढीच.

ही यादी पाहणे अवघड नाही. क्रोममध्ये वरच्या उजव्या कोपऱ्यातल्या तीन टिंबांवर टिचकी मारा, 'एक्स्टेन्शन्स' आणि मग 'मॅनेज एक्स्टेन्शन्स' निवडा. फायरफॉक्समध्ये कंट्रोल, शिफ्ट आणि ए ही बटणे एकदम दाबली की झाले. प्रत्येक औजारापुढे एक खटका दिसेल. खटका बंद केला तर ते गोठ्यात बांधलेल्या बैलासारखे घरातच राहते, काम करत नाही. 'रिमूव्ह' म्हटले की ते घराबाहेर. शंका असेल तर आधी नुसते बंद करून आठवडाभर पाहा. कुणाचेच काही अडले नाही, तर काढून टाका. क्रोममध्ये 'डिटेल्स' उघडून ते सगळ्या संकेतस्थळांवर चालते की तुम्ही टिचकी मारल्यावरच, हेही ठरवता येते. टिचकीवर ठेवलेले बरे, असे माझे मत.

यादी मुलांना सोबत घेऊन पाहा. रागावू नका, नाहीतर पुढच्या वेळी ती सांगणार नाहीत. काही औजारांवर, संस्थेने बसवले आहे, अशी खूण असते. शाळेच्या किंवा केंद्राच्या संगणकावर अशी औजारे आपल्याला काढता येत नाहीत, चालकाला विचारावे.

मोबाईलवर प्लगिनच्या जागी ॲप धरा. सेटिंग्जमध्ये 'ॲप्स' उघडून कोणाला संदेश वाचायची परवानगी आहे ते बघा. व्हॉट्सॲपवर योजनेच्या नावाने आलेली एपीके फाईल तर बसवूच नका.

अनोळखी औजार सापडले, तर ते काढल्यावर बँकेचा पासवर्ड बदला, आणि तोही दुसऱ्या यंत्रावरून. पैसे गेल्याचे दिसले, तर सकाळची वाट न पाहता १९३० या क्रमांकावर फोन करा.