प्लेअर सुरू होताना

2001 च्या अखेरीस स्वीडनमधल्या ब्यॉर्न आणि डॅनियल स्टेनबर्ग या भावांनी लिनस नील्सन फेल्टझिंग यांच्यासोबत आर्कोस ज्यूकबॉक्स या एमपी३ प्लेअरसाठी स्वतःचे फर्मवेअर लिहायला घेतले. तेच पुढे रॉकबॉक्स झाले. प्रोसेसर 12 मेगाहर्ट्झचा, रॅम 2 मेगाबाइट. एक गोष्ट मात्र त्यांच्या पथ्यावर पडली. सुरू होताना हा प्लेअर हार्डडिस्कवर ठरावीक नावाची फाइल शोधायचा आणि सापडली तर तीच चालवायचा. रॉकबॉक्स त्या नावाने डिस्कवर ठेवायचे. नको झाले तर फाइल पुसायची, की कंपनीचे फर्मवेअर परत हजर.

परतीची ही मोकळी वाट मला या प्रकल्पाचा सर्वांत मोठा गुण वाटतो.

आज काही स्वस्त चिनी प्लेअरमध्येही लिनक्स असते. कर्नल आणि सेवा सुरू झाल्यावर शेवटी एक छोटी शेल स्क्रिप्ट कंपनीचा संगीत-प्रोग्राम चालवते. एजीपीटेक रॉकर, एक्सड्यू एक्स३-टू यांसारख्या यंत्रांवर रॉकबॉक्स याच ठिकाणी शिरते. आधी त्याचा बूटलोडर येतो, तो मेमरी कार्डवरचे रॉकबॉक्स चालवतो, आणि कंपनीच्या मूळ प्लेअरकडे जायचा पर्यायही देतो.

ही स्क्रिप्ट जेमतेम काही ओळींची, पण घोळ होतो तो इथेच. कार्ड तयार व्हायला क्षणभर लागतो. तेवढ्यात स्क्रिप्ट पुढे सरकली तर रॉकबॉक्सचे फोल्डर सापडत नाही. म्हणून कार्ड जोडले गेले का हे तपासत थांबायचे, पण ठरावीक सेकंदच, कारण कार्ड मुळात घातलेलेच नसेल. काही कार्डांवर पार्टिशन असते, काहींवर नसते. दोन्ही प्रकारे माउंट करून पाहावे लागते. प्रोग्राम कोसळला तर पुन्हा सुरू करावा, मात्र मोजून दोन-तीनदा. बेबंद लूप बॅटरी संपवतो आणि पडद्यावर काहीच दिसत नाही. तेवढ्यानेही जमले नाही, तर मूळ प्लेअर चालू करावा. काय बिघडले याची नोंद कार्डवर लिहावी, म्हणजे ती संगणकावर वाचता येते.

ही काळजी केवळ हौशी लोकांपुरती नाही. रॉकबॉक्सचे मेनू बोलतात, त्यामुळे अनेक अंध श्रोते ते वापरतात. अर्ध्यात अडकलेल्या यंत्राचा काळा पडदा त्यांना काहीच सांगत नाही. त्यांच्यासाठी ‘बटण दाबले की आवाज आला’ एवढेच खरे. नव्या थीम आणि खेळ यांआधी या स्क्रिप्टच्या ओळींकडे लक्ष द्यायला हवे, असे माझे स्पष्ट मत आहे.

रॉकबॉक्सचा सगळा कोड जीपीएल परवान्याखाली खुला आहे. शेल स्क्रिप्ट लिहिता येणाऱ्या मराठी तरुणांनी त्यातली सुरुवातीची फाइल उघडून वाचावी, कार्ड काढून, अर्धवट भरून, बॅटरी उतरवून तपासावी, आणि सुचलेली दुरुस्ती प्रकल्पाकडे पाठवावी.