जबडा बिघडला की सगळं अंग दुखतं का? खरं किती, जाहिरात किती, जाणून घ्या

ठाणे : दातांची ठेवण बिघडली की मान आखडते, कंबर धरते, गुडघे दुखतात, चक्करही येते, असं सांगणारे व्हिडिओ मोबाईलवर सारखे येत असतात. शेवटी सल्ला ठरलेला असतो : चावा सरळ करून घ्या, सगळी दुखणी जातील. शहापूर, मुरबाडकडचा माणूस असं काही पाहून कल्याण, डोंबिवली किंवा ठाण्यात दातांच्या दवाखान्यात जातो. तिथे दात घासून कमी करायचे, आठ-दहा दातांवर कॅप बसवायच्या, असा खर्च कुणी सांगितला तर करायचं काय? भाताच्या पैशातून तो भागवायचा का?

जबड्याचा अंगावर परिणाम होतो, हे खरं आहे. पण तो होतो ठरावीक चार-पाच बाबतींत. गंमत अशी की त्याच बाबतींकडे घरात सर्वात कमी लक्ष जातं.

सांधा कुठे असतो?

दोन्ही कानांच्या पुढे एकेक बोट ठेवा आणि तोंड हळू उघडा. बोटाखाली जे हलतं तो जबड्याचा सांधा. खालचा जबडा हे एकच हाड आहे, त्यामुळे डावा आणि उजवा सांधा एकमेकांशिवाय हलू शकत नाहीत. तोंड उघडताना हाडाचं डोकं आधी जागच्या जागी फिरतं, मग पुढे सरकतं. मध्ये गादीसारखी एक चकती असते. ती जागेवरून सरकली की 'कट' असा आवाज येतो. नुसता आवाज येतो, दुखत नाही आणि तोंड पूर्ण उघडतं, तर बहुतेक वेळा उपचाराची गरज नसते.

आता दात घट्ट आवळा आणि कानशिलावर हात ठेवा. तिथला स्नायू फुगलेला लागेल. झोपेत दात खाणाऱ्या किंवा दिवसभर दात आवळून ठेवणाऱ्या माणसाचं सकाळी कानशील का दुखतं, ते यावरून कळतं. कानाजवळ दुखत असल्यामुळे अशी माणसं आधी कानाच्या डॉक्टरकडे जातात आणि कान ठीक असल्याचं ऐकून परत येतात.

कंबरदुखीचा संबंध कुठून आला?

अमेरिकेतले कान-नाक-घसा तज्ज्ञ डॉ. जेम्स कॉस्टन यांनी १९३४ मध्ये एक लेख लिहिला. कानात दडा बसणं, चक्कर, डोकेदुखी यांचं मूळ जबड्याच्या सांध्यात आणि गेलेल्या दाढांत आहे, असं त्यांचं म्हणणं होतं. सांध्याची रचना आणि नसा यांचं त्यांनी दिलेलं स्पष्टीकरण पुढच्या तपासणीत टिकलं नाही. पण 'चावा सुधारला की दुखणं जातं' ही कल्पना मात्र पसरत गेली.

ती तपासूनही झाली आहे. वैद्यकीय पुरावे पारखणाऱ्या कॉक्रेन या संस्थेच्या २००३ च्या आढाव्यात, दात घासून चावा जुळवल्याने जबड्याच्या सांध्याचं दुखणं बरं होतं किंवा टळतं, याला पुरावा सापडला नाही. खुद्द जबड्याच्या दुखण्याचीच ही गत, मग कंबर आणि गुडघ्याचं काय सांगावं?

जबडा दुखणाऱ्या अनेकांची मानही दुखते, डोकंही दुखतं, हे खरं आहे. पण दोन दुखणी एकत्र असली म्हणजे एकाने दुसरं आणलं, असं होत नाही. झोप कमी, डोक्याला ताण, दिवसभर मान खाली घालून काम, यांनी दोन्ही दुखतात. लावणीत आठवडाभर वाकून कंबर धरली असेल तर तिचं कारण दाढेत शोधू नये.

जबड्याचा खरा परिणाम इथे होतो

१. तोंड उघडेनासं होणं. आपल्या हाताची तीन बोटं, तर्जनी, मधलं आणि अनामिका, एकावर एक उभी धरून वरच्या आणि खालच्या पुढच्या दातांमध्ये घालून पाहा. मोठ्या माणसाच्या तोंडात ती साधारण बसायला हवीत. दोनच बसतात आणि सुपारी, मावा किंवा गुटख्याची सवय आहे, तर हे चावा वाकडा असल्याचं लक्षण समजू नका. सुपारीमुळे गालाच्या आतलं कातडं घट्ट होत जातं. आधी तिखट लागलं की जळजळ होते, मग आतला भाग पांढुरका आणि कडक होतो, मग घास तोंडात जाईना होतो.

मुंबईचे डॉ. एस. जी. जोशी यांनी या आजाराचं वर्णन १९५३ मध्ये करून ठेवलं आहे. डॉक्टर त्याला सबम्युकस फायब्रोसिस म्हणतात. यातून काहींना पुढे तोंडाचा कॅन्सर होतो. महाराष्ट्रात गुटख्यावर जुलै २०१२ पासून बंदी आहे, पण नुसती सुपारीही हा आजार आणते. 'मी तंबाखू खात नाही, साधी सुपारी खातो' या बोलण्याला म्हणून अर्थ नाही. घट्ट झालेलं कातडं पूर्ववत होणं कठीण असतं. तोंड दोन बोटांवर यायच्या आतच सुपारी सोडलेली बरी.

२. मूल हनुवटीवर पडणं. जांभळाच्या झाडावरून, सायकलवरून, विहिरीच्या कठड्यावरून मूल पडतं. हनुवटी फुटते, टाके पडतात, जखम भरते आणि विषय संपतो. पण हनुवटीवर बसलेला मार थेट कानापुढच्या सांध्यापर्यंत जातो आणि तिथलं हाड मोडू शकतं. ते लक्षात आलं नाही तर काही मुलांचा सांधा पुढे हाडाने जुळून जातो. तोंड उघडणं हळूहळू बंद होतं, खालचा जबडा वाढत नाही, हनुवटी मागे राहते. मूल नीट जेवू शकत नाही, जीभ मागे सरकून झोपेत श्वास अडतो, अंगाची वाढ खुंटते. जबड्यामुळे सगळं शरीर मागे पडतं ते असं. यावर शस्त्रक्रिया करावी लागते.

म्हणून हनुवटीवर पडलेल्या मुलाच्या या गोष्टी पाहाव्यात : तोंड उघडताना हनुवटी एका बाजूला जाते का, कानापुढे दुखतं का, कानातून रक्त आलं का, पुढचे दात पूर्वीसारखे जुळतात का. यातलं काहीही असलं तर एक्स-रे काढून घ्यावा. पुढच्या काही महिन्यांत तोंड कमी उघडायला लागलं, तरी लगेच दाखवावं.

३. झोपेत श्वास अडकणं. खालचा जबडा लहान किंवा मागे असला की घशातली वाट अरुंद होते. लठ्ठपणा आणि जाड मान ही कारणंही आहेतच. माणूस मोठ्याने घोरतो, मध्येच श्वास थांबतो, मग दचकून उठतो. रात्रभर पडूनही दिवसा डुलक्या येतात. अशा माणसाला रक्तदाब आणि हृदयविकाराचा धोका वाढतो. नाशिक महामार्गावर किंवा माळशेज घाटात गाडी चालवणाऱ्याला तर ही डुलकी जिवावर बेतू शकते. घरातल्या माणसाने 'याचा श्वास थांबतो' असं सांगितलं, तर कान-नाक-घसा किंवा छातीच्या डॉक्टरकडून झोपेची तपासणी करून घ्यावी. सौम्य ते मध्यम त्रासात खालचा जबडा रात्री पुढे धरून ठेवणारी पट्टी दातांचे डॉक्टर बनवून देतात. ती मात्र तपासणी झाल्यावरच घ्यावी.

४. दाढा जाणं. दाढ काढली आणि जागा तशीच सोडली, तर शेजारची दाढ त्या बाजूला कलते आणि समोरची लांबत येते. दोन्हीकडच्या दाढा गेल्या की म्हातारी माणसं भाकरी, शेंगदाणे, काकडी, गाजर सोडून देतात. चहा-बिस्कीट आणि मऊ भातावर दिवस काढतात. साखर वाढते, अंगातली ताकद जाते. घरचे म्हणतात, वय झालं. बसवलेली साधी कवळीही इथे मोठं काम करते.

५. हिरड्या सुजणं. हा जबड्याच्या ठेवणीचा प्रश्न नाही, पण तोंडाचा आणि बाकी शरीराचा पक्का संबंध इथे दिसतो. मधुमेह असला की हिरड्या लवकर बिघडतात. हिरड्या बिघडलेल्या असल्या की साखर आटोक्यात ठेवणं अवघड जातं. साखरेच्या पेशंटने वर्षातून एकदा तरी हिरड्या दाखवाव्यात. मशेरीने हिरड्या घट्ट होतात हा समज चुकीचा आहे. मशेरी म्हणजे भाजलेला तंबाखूच.

जबडा दुखतोय, आधी घरी काय करावं?

जबड्याच्या सांध्याचं दुखणं बहुतेक वेळा साध्या काळजीने कमी होतं.

- काही दिवस मऊ खा. खिचडी चालेल, आमटीत कुस्करलेली भाकरीही चालेल.
- दुखऱ्या बाजूला पंधरा-वीस मिनिटं गरम कापडाने शेक द्या.
- जांभई येताना हनुवटीखाली हात धरा, तोंड फार वासू देऊ नका.
- दातांनी ऊस सोलणं, बाटलीचं झाकण काढणं, सुपारी फोडणं बंद.
- ओठ मिटलेले, पण वरचे-खालचे दात एकमेकांपासून सुटे, ही जबड्याच्या आरामाची स्थिती. दात एकमेकांना लागायला हवेत ते चावताना आणि गिळताना. दिवसातून चार-पाच वेळा आठवण ठेवून पाहा, दात आवळले तर नाहीत ना.

दोन-तीन आठवड्यांत फरक पडला नाही तर दातांच्या डॉक्टरला दाखवा. ते व्यायाम शिकवतील, गरज असेल तर रात्री दातांवर घालायची काढता येणारी पट्टी देतील.

पैसे देण्याआधी हे विचारा

'हा उपचार नको वाटला तर परत पहिल्यासारखं होईल का?' हा एकच प्रश्न विचारायला विसरू नका. शेक, व्यायाम, काढता येणारी पट्टी बंद करता येते. घासलेला दात पुन्हा भरून येत नाही. म्हणून जबड्याच्या दुखण्यासाठी चांगले दात घासायला, सगळ्या दातांना कॅप बसवायला किंवा कंबरदुखीसाठी तारा लावायला कुणी सांगत असेल, तर होकार देण्याआधी दुसऱ्या डॉक्टरचं मत घ्या.

तारा वाईट नाहीत. वेडेवाकडे दात, न जुळणारा चावा, पुढे आलेले दात यांसाठी त्यांचा चांगला उपयोग होतो. पण त्या दातांसाठी लावायच्या, गुडघ्यांसाठी नाही. मूल सात वर्षांचं झालं की एकदा चावा दाखवून घ्यावा. शाळेत आणि अंगणवाडीत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक येतं, तेव्हा दातांचीही तपासणी करून घ्यावी.

हे असेल तर दातांच्या डॉक्टरची वाट पाहू नका

- चालताना किंवा काम करताना जबडा दुखतो, सोबत छातीत दाब, घाम, दम : हे हृदयाचं लक्षण असू शकतं. १०८ ला फोन करा.
- जखम झाल्यानंतर काही दिवसांनी दातखीळ बसली : धनुर्वात असू शकतो. लगेच मोठं रुग्णालय गाठा. तोंडात कांदा, चमचा घालत बसू नका.
- जांभई देताना जबडा निखळला आणि तोंड मिटेना : घरी ओढाताण करू नका, डॉक्टर तो हाताने जागेवर बसवतात.
- तोंडातली जखम तीन आठवड्यांत भरली नाही, पांढरा किंवा लाल चट्टा दिसतो : न दुखणारा असला तरी दाखवा.

कुठे जावं?

आधी जवळच्या ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालयात दातांची ओपीडी कधी असते, ते विचारून जावं. पुढच्या तपासणीसाठी दंत महाविद्यालयाचं रुग्णालय चांगलं, कारण तिथे जबड्याचे सर्जन आणि चाव्याचे तज्ज्ञ एकाच इमारतीत भेटतात. मुंबईत सीएसएमटी स्टेशनजवळ सेंट जॉर्जेस रुग्णालयाच्या आवारात सरकारी दंत महाविद्यालय आहे. कसारा, आसनगावहून थेट लोकलने तिथे जाता येतं. मुंबई सेंट्रलजवळ महापालिकेचं नायर दंत महाविद्यालय आहे. आपल्याच जिल्ह्यात नेरूळला खासगी दंत महाविद्यालयं आहेत. ठाण्याहून ट्रान्सहार्बर लोकलने तिथे पोहोचता येतं.

जाताना जुने एक्स-रे आणि चालू गोळ्यांची चिठ्ठी सोबत ठेवा. तोंड किती बोटं उघडतं, कधीपासून दुखतं, सुपारी-तंबाखू किती वर्षं आहे, हे न लपवता सांगा. डॉक्टरला खरं कारण सापडायला याच माहितीची सर्वात जास्त मदत होते.