शेवटच्या आजारात साखर किती असावी?

यकृतात पसरलेला कर्करोग आहे, डॉक्टरांनी 'आता काही महिने' असं सांगितलेलं आहे, आणि तरीही घरात रोज सकाळी उपाशीपोटी बोटाला सुई टोचली जाते. आकडा १९० आला की सगळ्यांचे चेहरे उतरतात. वाटीभर आमरस मागितला तर उत्तर ठरलेलं, 'आबा, तुमची शुगर!' वर्षानुवर्षं जपलेलं पथ्य मायेपोटीच पाळलं जातं. पण ज्या कारणासाठी ते सुरू झालं, ते कारण आता उरलेलं नसतं.

साखर काटेकोर ठेवायची ती मुख्यतः डोळ्याचा पडदा, मूत्रपिंडं आणि नसा जपण्यासाठी. हे नुकसान सावकाश साचतं, आणि नियंत्रणाचा फायदाही सावकाशच पदरात पडतो. ब्रिटनमधल्या यूकेपीडीएस या मोठ्या अभ्यासाचे निष्कर्ष १९९८ साली आले. काटेकोर नियंत्रणामुळे सूक्ष्म रक्तवाहिन्यांचे विकार २५ टक्क्यांनी घटले होते, पण तो हिशेब दहा वर्षांचा होता. ज्याच्या हाती काही महिनेच आहेत, त्याची एचबीए१सी, म्हणजे मागच्या काही महिन्यांची सरासरी साखर दाखवणारी तपासणी, सातच्या आत आणण्याचा हट्ट मला तरी समजत नाही.

शिवाय आता शरीरच बदललेलं असतं. जेवण दोन घासांवर आलेलं, वजन उतरलेलं. एरवी साखर घसरली की यकृत आपला साठा रक्तात सोडून सावरून घेतं. इथे यकृतच आजारी आणि साठाही रिकामा. मूत्रपिंडं थकली असतील तर इन्शुलिन शरीरातून लवकर बाहेर पडत नाही, त्याचा परिणाम लांबतो. ग्लिमेपिराइडसारखी गोळी तर पोटात अन्न असो वा नसो, स्वादुपिंडाला इन्शुलिन सोडायला लावते. इतकी वर्षं निमूट काम करणारा तोच डोस आता साखर एकदम खाली नेऊ शकतो. आणि ते चटकन ओळखू येत नाही. घाम, गुंगी, असंबद्ध बोलणं, हाक मारली तरी ओ न देणं, हे सगळं पाहून घरच्यांना वाटतं की आजारच वाढला. अशा वेळी आधी ग्लुकोमीटर हातात घ्यावा. साखर ७० च्या खाली असेल आणि रुग्ण नीट गिळू शकत असेल, तर साखरपाणी द्यावं. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही घालू नये, लगेच वैद्यकीय मदत घ्यावी.

म्हणजे साखर मोकाट सोडायची का? नाही. रक्तातली साखर साधारण १८० च्या वर गेली की मूत्रपिंडं ती सगळी परत शोषून घेऊ शकत नाहीत. ती लघवीवाटे जाते आणि जाताना पाणी ओढून नेते. फार वाढली की घशाला कोरड पडते, अंगातलं त्राण जातं आणि उठवत नसलेल्या माणसाला रात्रीत चारदा लघवीला उठावं लागतं. हे हालच आहेत. म्हणून ब्रिटनमधल्या मार्गदर्शक सूचनांनी आयुष्याच्या अखेरच्या टप्प्यासाठी सैल पट्टा सुचवला आहे, आपल्या मापात सुमारे १०८ ते २७०. खालची हद्द साखर पडू नये म्हणून, वरची तहान आणि शोष टाळण्यासाठी.

स्टिरॉइडचं गणित वेगळं. मेंदूवरची सूज, मळमळ किंवा भूक यांसाठी डेक्सामेथासोन बऱ्याचदा देतात. सकाळी एकदाच घेतलं तर साखर प्रामुख्याने दुपारनंतर चढते. उपाशीपोटीचा आकडा चांगला दिसतो आणि संध्याकाळची चढण निसटते. अशा रुग्णाची तपासणी रात्रीच्या जेवणाआधी केलेली बरी.

अगदी अखेरच्या दिवसांत, अन्नपाणी सुटल्यावर, टाइप २ मधुमेहाच्या बहुतेक रुग्णांची औषधं आणि तपासणी डॉक्टर थांबवू शकतात. टाइप १ मध्ये मात्र इन्शुलिन पूर्ण बंद करायचं नसतं. शरीर स्वतःचं इन्शुलिन जवळजवळ बनवतच नाही. बाहेरून दिलं जाणारं इन्शुलिन थांबलं की रक्तात आम्ल साचतं, उलट्या आणि धाप सुरू होते. दीर्घकाळ टिकणाऱ्या इन्शुलिनचा छोटा डोस दिवसातून एकदा दिला तर हा त्रास टळतो.

गोळ्या परस्पर बंद करू नयेत. पण डॉक्टरांनी विषय काढण्याची वाटही पाहू नये. अशा आजारात त्रास कमी करण्यावर भर देणाऱ्या सेवाही आहेत: मुंबईत टाटा रुग्णालयाचा पॅलिएटिव्ह केअर विभाग आहे, वांद्र्याला १९८६ पासून शांती अवेदना सदन आहे, पुण्यात वारज्याला सिप्लाचं केंद्र आहे. डॉक्टर कुठलेही असोत, पुढच्या भेटीला औषधांची पिशवी सोबत न्यावी आणि विचारावं: यातलं काय थांबवायचं, तपासणी कधी करायची, आणि कोणत्या आकड्याला तुम्हाला फोन करायचा?