टाकीत पेट्रोल आहे, मग गाडी का अडते?

मुलांनो, पावसाळ्याची सकाळ आहे. अब्बांना कामावर जायचे आहे. ते मोटारसायकलचे बटण दाबतात. इंजिन फिरते, पण सुरू होत नाही. टाकीत पेट्रोल भरपूर आहे. तुम्ही आणि भाईजान गाडीला गल्लीच्या टोकापर्यंत धक्का मारता, तरी ती ढिम्मच! जुनी गाडी एवढ्या धक्क्याने बहुधा सुरू झाली असती. मग हिला काय झाले?

जुन्या गाडीत कार्बोरेटर असे. पेट्रोल टाकीतून आपल्याच वजनाने खाली उतरे आणि इंजिनाने ओढलेल्या हवेत मिसळे. या कामाला वीज लागत नसे. भारतात १ एप्रिल २०२० पासून धुराबद्दलचे ‘भारत स्टेज ६’ हे कडक नियम लागू झाले आणि नव्या मोटारसायकलींत फ्युएल इंजेक्शन आले. या गाडीच्या टाकीत विजेचा छोटा पंप असतो. तो पेट्रोल दाबाने नळीत ढकलतो. इंजेक्टर नावाची बारीक तोटी ते पेट्रोल फवारते. ही तोटी केव्हा आणि किती वेळ उघडायची, हे एक लहानसा संगणक ठरवतो. त्याला ई.सी.यू. म्हणतात. पंप, तोटी आणि संगणक या तिघांनाही वीज हवी. ती नसेल, तर भरलेली टाकीही रिकामीच समजा.

आता दोष शोधू. आधी हँडलवरचे इंजिन बंद करण्याचे बटण पाहा. ते चुकून दाबलेले असते आणि घरभर धावपळ होते! ते ठीक असेल, तर किल्ली फिरवा आणि टाकीजवळ कान न्या. दोन-तीन सेकंद ‘घूंऽऽ’ असा आवाज यायला हवा. तो पंपाचा आवाज. आवाज आला नाही, म्हणून पंप जळाला असे लगेच ठरवू नका. पंप महाग असतो. घाईने नवा पंप बसवावा आणि गाडी तशीच उभी राहावी, असे पुष्कळदा होते.

पंपाकडे जाणारी वीज फ्यूज आणि रिले यांतून जाते. म्हणून पंपाच्या आधी फ्यूज पाहा. त्याची आतली पट्टी तुटली असेल, तर तेवढ्याच अँपिअरचा नवा फ्यूज लावा. काही लोक तेथे तारेचा तुकडा अडकवतात. हे फार धोक्याचे आहे. जास्त वीज वाहू लागली की फ्यूज स्वतः वितळतो आणि वायर वाचवतो. तारेचा तुकडा वितळत नाही. वायर तापते, आणि वर पेट्रोलची टाकी असते. नवा फ्यूजही लगेच उडाला, तर कोठेतरी वायर सोलून लोखंडाला लागली आहे, असे समजा.

मग बॅटरी. मल्टिमीटर लावला, तर विश्रांती घेतलेली चांगली बॅटरी सुमारे १२.६ व्होल्ट दाखवते. पण एवढ्यावर विश्वास ठेवू नका. बटण दाबून ठेवा आणि आकडा पुन्हा वाचा. तो १० च्या खूप खाली घसरला, तर बॅटरी थकली आहे. स्टार्टर उरलीसुरली वीज खेचतो आणि संगणक उपाशी राहतो. अशा वेळी इंजिनही कण्हत कण्हत फिरते. गाडी चालू असताना साधारण १३.५ ते १४.५ व्होल्ट दिसले पाहिजेत. तेवढे दिसत नसतील, तर बॅटरी भरलीच जात नाही. मग नवी बॅटरीही चार दिवसांत बसेल.

सर्वांत फसवा दोष मात्र गंजाचा. बॅटरीच्या टोकांवर, अर्थिंगच्या वायरखाली किंवा फ्यूजच्या खाचेत पावसाची ओल जाते आणि हिरवट-पांढरा थर चढतो. वायर जागेवर दिसते, पण तिच्यातून पुरेशी वीज जात नाही. टोके साफ करताना आधी बॅटरीचे ऋण टोक सोडवा, म्हणजे पाना चुकून लोखंडाला लागला तरी ठिणगी पडणार नाही. पंप मात्र उघडू नका. ते काम मेकॅनिकचे.

अब्बांच्या गाडीचे इंजिन जोरात फिरत होते. म्हणजे बॅटरीत दम होता. फ्यूजची पट्टीही शाबूत होती. पण फ्यूज बाहेर काढला, तेव्हा त्याचे दोन्ही पाय हिरवे झालेले दिसले. फ्यूज नवा लावला, खाच पुसून कोरडी केली आणि अब्बांनी किल्ली फिरवली. घूंऽऽ!